ओम्नीचं इंजिन, पाथरीचं ऊन

पहाटे साडेपाच

मे महिन्यात पाथरीत हाताचं काम करायचं तर उजाडायच्या आत पाना हातात घ्यावा लागतो. आठनंतर शेडचा पत्रा तापतो आणि अकरानंतर चेसिसच्या नळीला उघडा हात लावता येत नाही. आज मात्र दुपारचं ऊन मला हवं आहे. घरी बांधलेल्या गाडीची कूलिंग सिस्टीम आज पूर्ण जोडायची, पाणी भरायचं, हवा काढायची आणि दिवसाच्या सगळ्यात वाईट तासाला इंजिन उभ्या जागी चालवून बघायचं, असा बेत आहे.

गाडीचा घाट लोटस सेव्हनचा. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली इंग्लंडात ही दोन माणसांची, उघडी, हलकी गाडी आणली. सुटे भाग घेऊन घरी जोडली तर तिथला खरेदी-कर वाचायचा, म्हणून अनेकांनी ती स्वतःच्या अंगणात जोडली. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरून अशी गाडी कशी बांधावी याचं पुस्तकच लिहिलं. आपल्याकडे अलिबागच्या चिंकारा मोटर्सने याच घाटाची रोडस्टर बनवली, तिच्यात १.८ लिटरचं इसुझूचं इंजिन होतं, अँबेसेडरमध्ये येणारं. माझ्या गाडीत मारुती ओम्नीचं इंजिन आहे, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. मारुती ८०० मध्ये या इंजिनाची मांडणी आडवी आणि ताकद पुढच्या चाकांना. ओम्नीत ते गाडीच्या लांबीत बसतं आणि मागची चाकं फिरवतं. सेव्हनला नेमकी तीच मांडणी लागते.

कारखान्यातून आलेल्या गाडीत इंजिन, रेडिएटर, पाइप आणि फॅन यांच्या उंच्या नि अंतरं कुणीतरी विचार करून जुळवलेली असतात. इंजिन त्या गाडीतून काढलं की ती जुळणी जुन्या सांगाड्यातच राहून जाते. नव्या गाडीत ती पुन्हा बसवावी लागते, आणि आमच्याकडे ती मे महिन्यातल्या पाथरीसाठी बसवावी लागते. आजचं सगळं काम या एकाच गोष्टीसाठी आहे.

सहा

भाचा आला. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा कोर्स करतो; सुट्टीत माझ्याकडे असतो. पहिलं काम ब्लॉक धुण्याचं. थर्मोस्टॅट काढून ठेवला, वॉटर पंप सुटा केला आणि नळाचं पाणी उलट्या दिशेने, म्हणजे वरून आत आणि पंपाच्या तोंडातून बाहेर, असं सोडलं. आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग पांढरट कपच्या.

“मामा, इंजिन तर चालूच होतं की. एवढं धुवायचं काहून?”

त्याला कपची हातात दिली. आमच्या भागात खाली काळा पाषाण आणि वर बोअरचं पाणी. ते जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापलं की ते क्षार धातूवर बसतात. हा थर उष्णता फार हळू सोडतो. सिलिंडरभोवती तो बसला की गेजवर पाणी ठीक दिसतं, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळचा धातू त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. ओम्नीचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. अति तापलं तर हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि इंजिन उघडावं लागतं. म्हणून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायचं, घाई करायची नाही.

तोवर शेगडीवर पातेल्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगला, शेजारी थर्मामीटर. हा ८२ अंशांना उघडू लागणारा आहे. पाणी तापत गेलं तसा त्यातल्या मेणाने दांडा ढकलला आणि झडप उघडली. भाच्याने आकडा वाचला, ८३. ठीक आहे. उन्हाळ्यात इंजिन गरम होतं म्हणून बरेच जण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. मला ते पटत नाही. थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि सिलिंडर लवकर झिजतात. गाडी गरम होत असेल तर कारण दुसरीकडे शोधायचं.

साडेसात

माजलगाव रस्त्यावर रेडिएटरवाल्या चाचांचं दुकान. राष्ट्रीय महामार्ग ६१ गावातूनच जातो, एका अंगाला माजलगाव, दुसऱ्या अंगाला मानवत आणि परभणी. या दिवसांत चाचांकडे नांगरटीवरच्या ट्रॅक्टरांची रांग असते, भुसा आणि धुळीने जाळ्या बुजलेल्या.

माझा रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे. अॅल्युमिनियमचा, प्लास्टिकच्या टाक्यांचा रेडिएटर हलका असतो, पण तो फुटला तर इथे जोडता येत नाही. पितळेचा फुटला तर चाचा तासाभरात झाळून देतात. गाडी जिथे चालायची तिथल्या माणसाला ती दुरुस्त करता आली पाहिजे, हे मी प्रत्येक भाग निवडताना धरून चालतो.

चाचांनी रेडिएटरची दोन्ही तोंडं रबरी बुचांनी बंद केली, कॉम्प्रेसरची हवा दिली आणि तो हौदात बुडवला. एका कोपऱ्यातून बारीक बुडबुडे आले. रेडिएटर बाहेर काढून त्यांनी तो जोड आधी ब्रशने घासला, अॅसिड लावलं, मगच राँगा वितळवला.

“जोड साफ नसंल तर राँगा धरत नाही, बेटा. लोक राँगाच वाढवत बसत्यात.”

पुन्हा बुडवला, आता पाणी स्तब्ध. त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट घेतली. एका जुन्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरची वरची पितळी टाकी कापून त्यांनी मला लिटरभराची छोटी टाकी बनवून ठेवली होती. वर प्रेशर कॅपचं तोंड, वरच्या अंगाला दोन बारीक नळ्या, तळाला पाऊण इंची नळी. ती कशासाठी, ते पुढच्या तासात.

नऊ

रेडिएटर नाकात बसवला, खाली-वर रबरी बुशांवर. चेसिस रस्त्यावर पिळवटते. रेडिएटर घट्ट आवळला तर तो पीळ त्याच्या जोडांवर येतो. बुशांवर तो थोडा तरंगता राहतो.

आता उंचीचा प्रश्न. सेव्हनचं नाक बुटकं असतं. रेडिएटरचा वरचा काठ इंजिनाच्या हेडपेक्षा खाली येतो. म्हणजे पाण्याच्या वाटेतली सगळ्यात उंच जागा थर्मोस्टॅटजवळ, इंजिनावरच. हवा वर चढते आणि तिथेच अडकते. हेडमध्ये हवेचा फुगा राहिला की त्या जागी धातूला पाणी लागत नाही. गेजचा सेन्सर हवेत असला तर काटा खाली दिसतो आणि आत हेड तापत असतं. घरी बांधलेल्या गाड्यांत इंजिनं खराब होण्याचं हे फार मोठं कारण आहे, आणि तो दोष कुठल्याच एका भागात सापडत नाही, कारण तो मांडणीत असतो.

चाचांची टाकी त्यासाठी. ती फायरवॉलवर, सगळ्या पाण्याच्या वर बसवली. हेडच्या उंच टोकापासून एक बारीक नळी टाकीच्या वरच्या अंगाला, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून दुसरी. या दोन वाटांनी हवा टाकीत येते. तळाची पाऊण इंची नळी खालच्या होजला, पंपाच्या ओढीच्या बाजूला, टीने जोडली. हवा गेली की तिच्या जागी या वाटेने पाणी उतरतं, आणि पंपाच्या तोंडाशी दाब टिकतो. प्रेशर कॅप आता टाकीवर. रेडिएटरच्या तोंडाला साधा, पूर्ण बंद होणारा कॅप. दाबाचे दोन कॅप एकाच वाटेवर ठेवायचे नसतात, नाहीतर कमी दाबाचा आधी उघडतो.

कॅप ०.९ किलोचा. पाथरी समुद्रसपाटीपासून चारेकशे मीटर उंच, म्हणजे उघड्या भांड्यात पाणी इथे शंभराच्या थोडं आधीच उकळतं. बंद सिस्टीममध्ये ०.९ चा दाब मिळाला की तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. पाण्याचं चालू तापमान आणि उकळणं यांच्यात हे जे अंतर मिळतं, त्यावर उन्हाळ्यातली गाडी जगते.

साडेदहा

होज पाइप. वरचा होज गरम पाणी रेडिएटरकडे नेतो, त्यावर दाब असतो. खालचा होज पंपाच्या ओढीवर असतो. इंजिनाचा वेग वाढला की तो चपटा होऊ शकतो. म्हणून त्याच्या आत स्प्रिंग घातली. लांब अंतरासाठी रबराऐवजी स्टीलची नळी घेतली आणि तिच्या प्रत्येक टोकाला वेल्डिंगचा बारीक कडा उठवून घेतला. गुळगुळीत नळीवरून गरम होज क्लिपसकट सरकतो. कडा त्याला अडवतो. क्लिप कड्याच्या मागे बसली पाहिजे, वर नाही.

गाडीला हीटर नाही. पाथरीत तो लागतही नाही. पण हीटरच्या दोन नळ्या बुच मारून बंद केल्या नाहीत, एका होजने एकमेकींना जोडल्या. थर्मोस्टॅट बंद असताना इंजिनात पाणी फिरत राहायला ही वाट उपयोगी पडते. पाणी थांबलं तर हेडमध्ये एका जागी उकळायला लागतं आणि थर्मोस्टॅटपर्यंत उष्णता उशिरा पोचते.

मग दाबाची परीक्षा. जुन्या कॅपला सायकलचा व्हॉल्व्ह बसवून मी टेस्टर बनवलेला आहे. भाच्याने हातपंपाने ०.९ चा दाब दिला आणि आम्ही घड्याळ लावलं. पाव तासात काटा किंचित उतरला. साबणाचं पाणी लावत गेलो, टीच्या एका क्लिपवर फेस आला. ती आवळली, पुन्हा दाब दिला, काटा जागेवर थांबला. थंड इंजिनावर गळती शोधायला वेळ मिळतो. गरम इंजिनावर ती अंगावर येते.

बारा

शेडखाली पंखा लावून वायरिंग. रेडिएटरचा फॅन उभ्या गाडीत आठ-दहा अँपिअर घेतो, सुरू होताना त्याहून जास्त. हा करंट डॅशच्या स्विचमधून न्यायचा नाही. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिलेची ३० नंबरची पिन, ८७ मधून फॅनला. ८५ आणि ८६ वर कॉइल. तिची अर्थ इंजिनावरच्या थर्मो स्विचमधून. त्याच अर्थला डॅशवर एक साधा स्विच समांतर दिला, म्हणजे थर्मो स्विच बिघडला तरी चालवणाऱ्याला फॅन हाताने लावता येईल.

फॅन रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा. वायरी उलट लागल्या तर तो हवा उलटी ढकलतो, आणि आवाजावरून ते कळत नाही. वर्तमानपत्राचं पान पुढून जाळीला लावलं; ते चिकटून बसलं. दिशा बरोबर.

फॅन गोल, रेडिएटर चौकोनी. नुसता फॅन लावला तर त्याच्या समोरच्या गोलातूनच हवा जाते आणि कोपरे रिकामे राहतात. म्हणून अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं आवरण पूर्ण जाळीवर बसवलं. त्याहून जास्त वेळ नाकाच्या आतल्या फटी बुजवण्यात गेला. फायबरचं नाक आणि रेडिएटर यांच्यात बोटभर फट होती. धावत्या गाडीत हवा सोप्या वाटेने त्या फटीतून निघून जाते, जाळीतून जात नाही. उभ्या गाडीत याहून वाईट होतं: फॅन मागची तापलेली हवा त्याच फटीतून पुढे ओढतो आणि पुन्हा रेडिएटरमधून काढतो. स्पंजी रबराच्या पट्ट्यांनी चारी बाजू बंद केल्या.

आत आलेली हवा बाहेरही गेली पाहिजे. बॉनेटच्या बाजूंना जाळ्या कापल्या आहेत आणि खाली गिअरबॉक्सच्या अंगाने वाट मोकळी ठेवली आहे. काचेच्या पायथ्याशी जाळी देऊ नये. धावत्या गाडीत तिथे हवेचा दाब जास्त असतो, हवा बाहेर यायच्या ऐवजी आत येते.

एक

ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा. बायकोने आधी विचारलं, “अहो, ते हिरवं पाणी उघडं ठेवलंय का?” नाही ठेवलं. कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड. सांडलेलं कुत्रं चाटतं, वासरू चाटतं. जुनं कूलंट गटारात सोडायचं नाही, झाकण लावून ठेवायचं.

जेवताना भाच्याला हिशेब सांगितला. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल उष्णता असते. तिचा ढोबळ तिसरा हिस्सा चाकांना मिळतो, तिसरा सायलेन्सरमधून जातो, तिसरा पाण्यात येतो. तासाला साडेतीन लिटर पेट्रोल लागलं तर पाण्यात दहा किलोवॅट उतरतात, म्हणजे न्हाणीघरातले दोन किलोवॅटचे पाच गिझर सतत चालू. ही सगळी उष्णता हवेला द्यायची. देवाणघेवाण चालते ती तापमानाच्या फरकावर. डिसेंबरातल्या सकाळी हवा १५ अंश आणि पाणी ९०, फरक ७५ चा. मे महिन्यात हवा ४३, फरक ४७. तोच रेडिएटर, तोच फॅन, पण उष्णता बाहेर जाते ती जवळजवळ दोन-तृतीयांशच. पुस्तकं थंड देशात लिहिली गेली. त्यातली रेडिएटरची मापं इथे तशीच घेता येत नाहीत.

दोन

भरणं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, सत्तर-तीस. आमच्याकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे निम्मं ग्लायकॉल लागत नाही, आणि साधं पाणी ग्लायकॉलपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. पण नुसतं पाणीही नको. अॅल्युमिनियमला गंजापासून वाचवणारी रसायनं कूलंटमध्ये असतात.

जॅकवर गाडीचं नाक उचललं, टाकी आणखी उंच झाली. हळूहळू ओतलं. भाचा दोन्ही होज हाताने दाबत-सोडत राहिला. प्रत्येक दाबाला टाकीत बुडबुडे आले. पातळी टाकीच्या निम्म्यावर थांबवली. पाणी गार अवस्थेतून शंभरच्या आसपास गेलं की चार टक्के फुगतं. पाच लिटरला पाव लिटरच्या आत-बाहेर. त्याला जागा लागते.

कॅप उघडाच ठेवून इंजिन सुरू केलं. वरचा होज बराच वेळ गार राहिला. मग एकदम तापला, हात ठेवता येईना. थर्मोस्टॅट उघडला. टाकीत एक मोठा बुडबुडा आला, पातळी बोटभर उतरली, ती भरून काढली आणि कॅप लावला.

यापुढे इंजिन गरम असेपर्यंत कॅपला हात लावायचा नाही. दाब सुटला की ११० अंशांचं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. भाच्याला हे मी दरवेळी सांगतो आणि सांगत राहणार.

तीन

सावलीतलं थर्मामीटर ४३. गाडी शेडबाहेर, उन्हात, वाऱ्याला पाठ करून उभी. इंजिन आयडलवर. हा तो तास, ज्यासाठी दिवस मांडला. महामार्गावर पळणाऱ्या गाडीला वारा मदत करतो. बाजारात, बैलगाडीमागे, पहिल्या गिअरमध्ये अडकलेल्या गाडीला फक्त तिचा फॅन असतो.

९४ ला फॅन सुरू झाला. काटा थांबला, मग उतरू लागला, ८९ ला फॅन बंद. पुन्हा चढला, पुन्हा सुरू. भाचा वहीत वेळा लिहीत होता: किती सेकंद चालू, किती बंद. खरं माप हेच. फॅन सुरू होतो एवढ्याने काही सिद्ध होत नाही. तो बंदही झाला पाहिजे. बंद राहण्याचा वेळ म्हणजे हाताशी शिल्लक असलेली ताकद. फॅन अखंड चालू राहिला तर शिल्लक शून्य, आणि त्यानंतर एखादा चढ किंवा दोन माणसांचं वजन वाढलं की काटा वर जाणारच. इंजिनाचा वेग दोन हजारांवर धरला तेव्हा फॅनचा चालू वेळ वाढला, तरी तो बंद होत राहिला.

मग नाकाच्या एका बाजूची रबरी पट्टी मुद्दाम काढून पाहिली. त्याच उन्हात फॅन बंदच होईना. पट्टी परत बसवली, फॅन पुन्हा थांबू लागला. भाच्याने ते आकडे शेजारी-शेजारी लिहिले. नवा रेडिएटर घ्यायच्या आधी माणसाने रबराची पट्टी घ्यावी, हे त्या दोन ओळींवरून कुणालाही दिसेल.

साडेपाच

गाडी शेताच्या वाटेवर, आमच्याच बांधापर्यंत. सार्वजनिक रस्त्यावर ती नेता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे नोंदणी हवी, आणि अशा गाडीला नोंदणीआधी नमुन्याची चाचणी लागते. पुण्याची एआरएआय ही त्यासाठीच्या संस्थांपैकी एक. एका गाडीसाठी हा खर्च झेपणारा नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बांधली, तेव्हा आनंद महिंद्रा यांनी डिसेंबर २०२१ मध्ये तिचं कौतुक केलं आणि नियमांत ती अडवली जाईल म्हणून बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली. त्याच्या कितीतरी आधी, १९४९ साली, कोल्हापूरकडच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ या छोट्या गाडीचा पहिला नमुना केला, पुढे वर्षानुवर्षं सुधारत नेला. तिचं उत्पादन झालं नाही. ही माणसं माझ्यासाठी मोठी आहेत. मला वाटतं, घरी बांधलेल्या एकेका गाडीची सुरक्षितता तपासून तिला मर्यादित परवानगी देणारी स्वस्त वाट आपल्याकडे असायला हवी. तपासणी कडक असावी, पण ती तालुक्यातल्या माणसाच्या आवाक्यात असावी.

दुसऱ्या गिअरमध्ये काळ्या मातीच्या वाटेवरून चार फेऱ्या. काटा ८८-९० वर स्थिर, फॅन क्वचित लागला. बांधावरच्या शेजाऱ्याने विचारलं, “दादा, तापती का?” तापते, आणि उतरतेही.

आठ

वही. सकाळी इंजिन पूर्ण गार झालं की टाकीची पातळी बघायची. उतरली असेल तर उरलेली हवा निघाली असं समजायचं, त्यानंतरही उतरत राहिली तर गळती शोधायची. पहिल्यांदा तापून गार झालेलं रबर बसतं, म्हणून सगळ्या क्लिपा पुन्हा एकदा आवळायच्या. ते काम उद्या भाचा एकट्याने करणार आहे. आजचे आकडे त्याच्याच अक्षरात आहेत: हवा किती, फॅन कधी चालू, कधी बंद, पट्टी असताना आणि नसताना. पाथरीत, मानवतला किंवा सेलूत उद्या कुणी जुनं इंजिन नव्या सांगाड्यात बसवायला घेतलं, तर ही पानं त्याला द्यायची. इंग्लंडातल्या पुस्तकात ४३ अंशांचे आकडे मिळणार नाहीत. ते इथेच मोजावे लागतात.